ट्रॅक लाइटची तयारी, रंगारी यायच्या आधी

हॉलमध्ये ट्रॅक लाइट, म्हणजे छताच्या पट्टीवर बसवलेले, हवे तसे वळवता येणारे दिवे, लावायचे ठरले की बहुतेक जण थेट दुकान गाठतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी दोन संध्याकाळी घरातच काढा. अंधार पडला की हॉलचे सगळे दिवे बंद करा, घरातल्या कुणाला तरी घोड्यावर, म्हणजे दुपाखी शिडीवर, चढवा आणि स्लॅबजवळ मोबाईलची बॅटरी धरून वेगवेगळ्या जागांवरून भिंतीवर उजेड पाडून बघा. आपण दिवाणावर बसायचं, नेहमीच्या जागी, आणि काय छान दिसतं आणि कुठून डोळ्यांत घुसतं ते वहीत लिहायचं. सांगलीतल्या आमच्या विश्रामबागच्या घरात उजेडात आणायच्या गोष्टी तीनच होत्या: कोपऱ्यात उभा असलेला आईचा मिरजेचा तानपुरा, आजोबांचा मोठा फोटो आणि पुस्तकांचं कपाट. उजेड कुठं पाडायचा हे असं नक्की झालं की पट्टी कुठं लावायची, दिवे किती आणि पॉइंट कुठं काढायचा, हे सगळं त्यावरूनच ठरतं. उलट्या क्रमानं गेलं की काम दोनदा करावं लागतं. आम्ही ते एकदा केलेलं आहे.

पहिल्या वेळी वायरमननं जुन्या ट्यूबच्या पॉइंटवरूनच कनेक्शन घेतलं, कारण तो तिथं तयार होता. पट्टी भिंतीपासून जेमतेम अर्ध्या फुटावर आली. उजेड भिंतीला घासत खाली उतरायचा आणि गिलाव्यावरचा थापीचा प्रत्येक फटकारा, पुट्टीचा प्रत्येक उंचवटा सावलीसकट दिसायचा. दगडी भिंत असती तर हेच फार सुंदर दिसलं असतं, पण आमच्या भिंतीवर आजोबांचा फोटो बाजूला राहिला आणि गिलावाच पाहुण्यांच्या नजरेत भरायला लागला. म्हणून अंतर आधी मोजा. चित्रावर किंवा फोटोवर उजेड सरळ उभ्या रेषेपासून साधारण 30 अंश कलता पडावा, म्हणजे काचेवर चकाकी कमी येते आणि फ्रेमची सावलीही लांब पडत नाही. हिशोब सोपा आहे. दिव्याची उंची आणि फोटोच्या मध्याची उंची यांतला फरक काढायचा आणि त्याला 0.58 नं गुणायचं. आमचा स्लॅब 10 फुटांवर, दिवा अर्धा फूट खाली लोंबतो आणि फोटोचा मध्य 5 फुटांवर आहे. फरक साडेचार फूट, म्हणजे पट्टी भिंतीपासून सुमारे 2.6 फुटांवर. फॉल्स सीलिंगमुळं छत 9 फुटांवर आलं असेल तर हेच अंतर 2 फुटांवर येतं.

आता याच मापात पंखा बघायचा. आपल्याकडच्या हॉलमध्ये हे विसरून चालतच नाही. नेहमीचा पंखा 1200 मिलिमीटरचा, म्हणजे पाती हुकापासून 2 फूट चारी बाजूंना फिरतात. दिवा आणि भिंत यांच्या मध्ये पातं आलं की भिंतीवरचा उजेड सतत फडफडतो आणि पाच मिनिटांत डोकं दुखायला लागतं. आमचा हॉल 11 फूट रुंद आणि पंखा बरोबर मध्ये, म्हणून पात्याचं टोक भिंतीपासून साडेतीन फुटांवर येतं. पट्टी 2.6 फुटांवर बसते, म्हणजे मध्ये पाऊण फुटाहून जरा जास्त जागा उरते आणि दिवे भिंतीकडे तोंड करून असल्यानं पातं आड येत नाही. तुमच्याकडे हे जुळत नसेल तर पंखा सरकवण्यापेक्षा पट्टीची भिंत बदलणं सोपं जातं.

छताची तपासणी शक्यतो पावसाळ्यातच करा. स्लॅबला कुठं ओल आहे, पोपडे कुठं सुटतात, ते तेव्हाच खरं कळतं. ओल असेल तर आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मग एक पाऊस जाऊ द्यायचा आणि मगच ट्रॅक. ओल्या स्लॅबला विजेची पट्टी ठोकू नका, कितीही घाई असली तरी. दुसरं म्हणजे स्लॅबच्या पोटात पाइप असतात. पंख्याच्या बॉक्सपासून भिंतीच्या बोर्डाकडे वायर ज्या वाटेनं जाते त्या वाटेवर ड्रिल लावायचं नाही. घर बांधताना स्लॅब भरण्याआधीचे फोटो कुणी काढून ठेवले असतील तर ते शोधा, त्यांच्याइतकी उपयोगी गोष्ट नाही. फॉल्स सीलिंग असेल तर नुसत्या जिप्समच्या बोर्डात स्क्रू टिकत नाही. आतल्या पत्र्याच्या चॅनेलमध्ये तो बसला पाहिजे, आणि चॅनेल कुठं आहे ते साधं लोहचुंबक फिरवून सापडतं.

वायरिंगचा भार फार नसतो. 10 वॉटचे पाच दिवे म्हणजे 50 वॉट, 230 व्होल्टवर पाव ॲम्पियरही नाही. लाइटच्या सर्किटला 6 ॲम्पियरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर भरपूर झाली. काळजी भाराची नाही, जोडणीची घ्यायची. पट्टी ॲल्युमिनियमची असते, म्हणून अर्थिंगची हिरवी वायर तिच्यापर्यंत आलीच पाहिजे. घरात आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर फेज ज्या सर्किटचा त्याच सर्किटचा न्यूट्रल घ्या. जवळ सापडला म्हणून भलत्याच लाइनचा न्यूट्रल उचलला तर आरसीसीबी पडत राहतो आणि दोष बिचाऱ्या दिव्यांना मिळतो. ट्रॅक इन्व्हर्टरवर हवा का, तेही आत्ताच ठरवा. आणि ट्रॅकला स्वतंत्र स्विच ठेवा, म्हणजे संध्याकाळी समई लावली की हे सगळे दिवे विझवता येतील.

सांगलीकरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कृष्णेचं पाणी 2005, 2019 आणि 2021 मध्ये शहरात शिरलं. ट्रॅक छताला असतो म्हणून तो वाचतो, पण त्याचा स्विच आणि बोर्ड वाचत नाही. 2019 नंतर गावभागातल्या मावशीच्या घराचं वायरिंग नव्यानं केलं, तेव्हा मेन बोर्ड वरच्या मजल्यावर नेला आणि तळमजल्याच्या प्रत्येक लाइनला वेगळा एमसीबी दिला. पाणी वाढायला लागलं की खाली न उतरता तळमजला बंद करता येतो. नदीकाठच्या भागात राहत असाल आणि कुठल्याही निमित्तानं वायरमन घरी येणारच असेल, तर हे काम त्याच वेळी करून घ्या.

आता खरेदी. पट्टी साधारण एक आणि दोन मीटरच्या मापात मिळते. दिवा आणि पट्टी एकाच कंपनीची घ्या, कारण एकाचा दिवा दुसऱ्याच्या खाचेत बसेलच असं नाही. अर्थिंगसह तीन तारांची पट्टी मागा. कोपरा वळवायचा असेल तर एल जोडात डावा-उजवा असा फरक असतो, म्हणून कागदावर नकाशा काढून दुकानात न्या. मॅग्नेटिक ट्रॅक बहुतेक 48 व्होल्टवर चालतो आणि त्याला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा डबा, लागतो. दिसायला तो देखणा आहे, पण पुढं तसाच दिवा गावात मिळेल का हे विचारूनच घ्या. दिव्याचा झोत किती रुंद हे अंशात लिहिलेलं असतं. आमच्या मापात, म्हणजे दिव्यापासून फोटोच्या मध्यापर्यंतच्या सव्वापाच फुटांच्या तिरक्या अंतरावर, 24 अंशांचा झोत सव्वादोन फूट रुंद पडतो आणि 36 अंशांचा जवळपास साडेतीन फूट. म्हणून फोटोला 24 आणि उंच तानपुऱ्याला 36.

रंगाच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. 6500 केल्विनचा पांढरा उजेड तानपुऱ्याच्या भोपळ्यावर पडला की त्याचा मधासारखा रंग निळसर, आजारी दिसतो. 3000 केल्विनचा पिवळसर घ्या. सोबत सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 किंवा जास्त मागा, नाहीतर कुंकवाचा आणि पैठणीचा लाल रंग मळकट होतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असं वाद्य घरात असेल तर त्याचा रंग खरा दिसावा एवढी काळजी घ्यायलाच हवी. जुने हॅलोजन मात्र त्याच्यावर रोखू नका, त्यांच्या उष्णतेनं लाकूड आणि भोपळा सुकतो. एलईडीच्या झोतात ती धग फार कमी असते. उजेड कमी-जास्त करणारा डिमर हवा असेल तर दिवा डिमेबल आहे असं खोक्यावर छापलेलं पाहिजे. खोक्यावर आर- नं सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांकही बघा. आणि एक दिवा जास्तीचा घेऊन माळ्यावर ठेवा, पुढच्या मालात पिवळ्याची छटा बदलते.

क्रम असा: गळती, मग वायर ओढणं, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी पट्टी. रंगारी येऊन गेल्यावर भिंतीत झिरी मारायला लावली की नवा रंग गेलाच म्हणून समजा.

बसवण्याच्या दिवशी सकाळी मेन बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा. मेन बंद असला तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत राहते, आणि घोड्यावर उभ्या माणसाला तेवढा झटका पुरतो. टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय वायरला हात लावू देऊ नका. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. भिंतीपासूनचं अंतर दोन्ही टोकांना मोजून दोरा मारा. दोन मीटरच्या पट्टीला चार भोकं, गट्टी बसवून स्क्रू. तानपुरा त्या दिवशी आतल्या खोलीत, खोळीत. सिमेंटची बारीक धूळ तारांखाली गेली की निघत नाही.

दिवे वळवायचं काम दिवसा करू नका. अंधार पडू द्या, ज्याच्या त्याच्या रोजच्या जागी सगळ्यांना बसवा, आणि एकेक दिवा फिरवत विचारत जा. आमच्याकडे शेवटचा दिवा आईनं सांगितला तसा वळवला: झोत खुंट्यांवरून खाली, तारांखालच्या घोडीवर आला, तेव्हा ती म्हणाली, "हां, आता तारा दिसतात." स्क्रू तिथंच आवळला.