कमावत्या मुलांकडून घरखर्चाचा वाटा कसा ठरवावा

मुंबईत नोकरीला लागलेली मुले आई-वडिलांकडेच राहतात, याचे मुख्य कारण घरभाडे हेच असते. पहिल्या पगारातून स्वतंत्र खोलीचे भाडे, अनामत रक्कम आणि दलाली एकदम उभी करणे फार थोड्यांना जमते. त्यामुळे पंचविशी उलटली तरी मुलगा किंवा मुलगी घरात असते आणि घर मात्र वडिलांच्या निवृत्तिवेतनावर किंवा आईच्या पगारावर चालत राहते. गिरणगावात पगाराचे पाकीट देवापुढे ठेवून आईच्या हाती देण्याची रीत होती, तेव्हा हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. आता पगार थेट खात्यात जमा होतो आणि मागायचे कसे, या संकोचात वर्षे निघून जातात. माझे मत असे की पैसे जरूर मागावेत, रक्कम ठरवून मागावेत, आणि ती रक्कम मुलाच्या पगारावरून नव्हे, तर घराच्या बिलांवरून काढावी.

त्यासाठी आधी मागच्या तीन महिन्यांचा खर्च कागदावर उतरवावा. किराणा, दूध, भाजी, मासळी, गॅस, इंटरनेट, घरकामाच्या ताईंचा पगार आणि सोसायटीची देखभाल वर्गणी यांच्याबरोबर वर्षातून एकदाच येणारे खर्चही बाराने भागून धरावेत. महापालिका हद्दीतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. त्याहून मोठ्या घरात मात्र तोही हिशेबात घ्यावा. गणपतीचा खर्च आणि गावी जाण्या-येण्याचे भाडे यात मिसळू नये, त्यांची वर्गणी त्या-त्या वेळी काढावी.

विजेच्या बिलाकडे थोडे अधिक बारकाईने पाहावे लागते. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी वाढतो: पहिली १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत आणि ५०० पर्यंत दर चढत जातो. मुलाच्या खोलीतला एसी रात्रभर चालला की वाढीव युनिट वरच्या, महाग टप्प्यात मोजली जातात, त्यामुळे बिल युनिटच्या प्रमाणापेक्षा अधिक वाढते. मार्च आणि मे या महिन्यांची बिले शेजारी ठेवली की फरक दिसतो; हा फरक बिलाच्या सरासरीत मुरवू नये, एसी वापरणाऱ्याने तो उन्हाळ्यापुरता वेगळा द्यावा. वीज बेस्टची असो, अदानीची असो की मुलुंड-भांडुपकडे महावितरणची, हिशेबाची पद्धत तीच राहते.

आता एक उदाहरण घेऊ. घरात चार माणसे आहेत: निवृत्त वडील, आई, नोकरी करणारा मुलगा आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी. खाण्यापिण्याचा खर्च १९,००० रुपये, वीज-गॅस-इंटरनेट ४,२०० आणि सोसायटी व घरकाम मिळून ८,८०० असे धरल्यास एकूण ३२,००० होतात, म्हणजे माणशी ८,०००. धाकट्या बहिणीचा वाटा भावावर आपोआप टाकू नये. तिचे शिक्षण ही आई-वडिलांची जबाबदारी आहे आणि त्याने स्वेच्छेने केलेली मदत वेगळी मोजावी. पुढची कसोटी पगाराची, पण ती केवळ वरची मर्यादा म्हणून. हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या भागापेक्षा वाटा मोठा असू नये, असे मला वाटते. मुलाच्या हाती २८,००० येत असतील तर तूर्त ७,००० घ्यावेत आणि पगारवाढीनंतर पुन्हा बसावे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू असेल, तर तो आधी वजा करून मगच चौथा भाग काढावा.

‘बाहेर राहिला असतास तर याच खोलीला पंधरा हजार मोजले असतेस’ हे वाक्य मात्र टाळावे. मुंबईच्या कितीतरी घरांत मुलगा खोलीत नव्हे, हॉलमध्ये गादी घालून झोपतो आणि त्याला कडी लावायला दारही नसते. बाजारभावाचा हिशेब सुरू झाला की तोही तेवढ्याच हक्काने सोयी मागू लागतो.

रकमेला भाडे म्हणून कागदोपत्री दाखवावे का, हा प्रश्न प्राप्तिकराच्या निमित्ताने हमखास निघतो. घरखर्चासाठी मुलाने आई-वडिलांना दिलेले पैसे त्यांच्या हाती करपात्र उत्पन्न ठरत नाहीत, त्यामुळे साध्या वाट्याला पावतीची गरज नाही. घरभाडे भत्त्याची सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तर नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही आणि पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. नुकत्याच नोकरीला लागलेल्या बहुसंख्य मुलांना भाडेपावतीचा काहीच उपयोग नाही, तो याचमुळे. ज्यांचा पगार मोठा आहे आणि ज्यांनी जुनी प्रणाली निवडली आहे, त्यांनी आई-वडिलांना खरेच भाडे द्यावे: रक्कम बँकेतून जावी, लेखी करार असावा, वार्षिक भाडे एक लाखाच्या वर गेल्यास घरमालकाचा पॅन द्यावा, आणि ज्या पालकाच्या नावे घर आहे त्याने ते उत्पन्न आपल्या विवरणपत्रात दाखवावे, जेथे मालमत्ता करानंतर उरणाऱ्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते. दिलेले भाडे वडिलांनी पुन्हा मुलाच्या खात्यावर फिरवले तर सारा व्यवहार खोटा ठरतो.

दोन घरांत मात्र भाड्याच्या भानगडीत पडूच नये. मुलगा स्वतः घराचा सहमालक असेल, तर आपल्याच घराचे भाडे दाखवून सवलत मागण्यात अर्थ नाही. तो गृहकर्जाचा हप्ता भरत असेल तर तोही त्याचा वाटाच आहे, वर वेगळी पूर्ण रक्कम घेऊ नये. दुसरे घर पागडीचे. तेथे आई-वडील स्वतःच भाडेकरू असतात आणि बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे हे भाडे नियंत्रण कायद्याखाली घर खाली करून घेण्याचे एक कारण आहे. मुलगा कुटुंबीय म्हणून राहत असताना त्याच्या नावे भाडेपावती फाडून मालकाच्या हाती आयता कागद कशाला द्यावा?

मुलीकडून पैसे घ्यायचे नाहीत, असा दंडक अजूनही पुष्कळ घरांत पाळला जातो. त्यामागे माया असली तरी परिणाम असा होतो की भाऊ खर्च देतो म्हणून निर्णयात बोलतो आणि बहिणीला पाहुणीसारखे वागवले जाते. दोघांना एकच नियम लावावा. लग्न झालेला मुलगा आणि सून एकाच स्वयंपाकघरात असतील, तर दोन माणसांचा वाटा धरावा आणि बोलणी दोघांना एकत्र बसवून करावीत; सुनेच्या पगाराची चौकशी मुलाकडून परस्पर करू नये.

‘वायफाय मी भरतो, रविवारी जेवण मीच मागवतो’ असे मुले म्हणतात. वायफायचे बिल वाट्यातून वजा करावे, हॉटेलच्या जेवणाचा खर्च वजा करू नये. आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता मुलाने भरणे मात्र उत्तम. जुन्या प्रणालीत त्यावर त्याला वजावट मिळते, पालक ज्येष्ठ नागरिक असल्यास वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत, फक्त हप्ता रोखीने भरलेला नसावा.

रक्कम ठरली की पगाराच्या दुसऱ्या दिवशी ती आईच्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला द्यावी, म्हणजे दर महिन्याला मागण्याची वेळ येत नाही. एका कागदावर रक्कम, उन्हाळी विजेचा नियम, पुन्हा बसण्याचा महिना आणि नोकरी गेल्यास काय, एवढे लिहून ठेवावे. शेवटच्या मुद्द्यावर आधीच बोलावे: नोकरी गेल्यास तीन महिने वाटा थांबेल, त्यानंतर काम शोधणे चालू असेपर्यंत तो निम्मा राहील, आणि थांबलेली रक्कम उधारी म्हणून चढवली जाणार नाही. पालकांना या पैशांची गरज नसेल आणि ते मुलासाठीच साठवायचे असतील, तर गुपचूप साठवू नये. त्याला सांगून त्याच्याच नावे टपाल खात्यात पाच वर्षांचे आवर्ती खाते उघडावे, पुढे अनामत रक्कम भरण्याच्या वेळी ते कामी येते.