ओवळी लावावी की सुरंगी? कोकणातल्या घराभोवती निवड, लागवड आणि देखभाल

बकुळीचं, म्हणजे आमच्याकडच्या ओवळीचं, फूल आपण होऊन खाली येतं. सुरंगीची कळी काढायला माणसाला झाडावर चढावं लागतं. घराजवळ या दोघींपैकी कोणती लावायची हे ठरवताना मी सगळ्यात आधी हाच फरक बघायला सांगते. वास, सावली, जागा हे सगळं त्यानंतर. दोन्ही झाडं बारमाही हिरवी, दाट सावलीची आणि सावकाश वाढणारी. चूक लक्षात येईपर्यंत दहा-बारा वर्षं जातात, आणि तोवर झाड इतकं आपलं झालेलं असतं की कुऱ्हाड उचलवत नाही.

माझ्या माहेरी, वेंगुर्ल्याच्या बाजूला, परसात मोठी सुरंगी आहे. आजोबांच्या वेळी मार्चात पहाटे दोन-तीन गडी तिच्यावर असायचे. आता घरात काकू एकटीच. झाड तितकंच फुलतं, पण कळ्या वरच उमलतात आणि केसर खाली गळून जातं. वळेसर (गजरा) करायला चार कळ्या मिळाव्यात म्हणून काकूला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. तिच्या अंगणात ओवळी असती, तर तिनं बसल्या जागी परडी भरली असती. म्हणून चढणारं कोणी नसेल तर डोळे मिटून बकुळ लावा. घरात तरणी माणसं असतील, मागे मोकळी जागा असेल आणि झाड लहानपणापासून बुटकं ठेवायची तयारी असेल, तर सुरंगी जरूर लावा. ती पश्चिम घाटाची आणि त्याला लागून असलेल्या या किनाऱ्याची खास आहे. आपण नाही लावली तर दुसरं कोण लावणार?

रोप ओळखून घ्या

बकुळीत फसायला फारसं होत नाही. पान चकचकीत, कडा किंचित लाटेसारख्या, देठ तोडला की पांढरा चीक. सुरंगीच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. सुरंगी म्हणून उंडीचं रोप हातात पडू शकतं, कारण दोघींची पानं जाड, लांबट आणि समोरासमोर असतात. पान उजेडापुढे धरा. उंडीच्या पानात मधल्या शिरेपासून कडेपर्यंत बारीक समांतर रेघा अगदी दाटीनं गेलेल्या दिसतात, तर सुरंगीच्या पानात शिरांची जाळी दिसते. उंडीही गुणी झाड आहे, तिच्या बियांच्या तेलावर पूर्वी घरोघर दिवे जळायचे, पण तिच्याकडून सुरंगीचा वास मिळायचा नाही.

नागकेशराशीही गल्लत होते. सुरंगीच्या सुकवलेल्या कळ्या बाजारात तांबडं नागकेशर म्हणून विकल्या जातात; खऱ्या नागकेशराचं झाड वेगळं.

सुरंगीतला नर-मादीचा घोळ

कोकम लावणाऱ्यांना हा घोळ ठाऊक असतो. बियांपासून केलेल्या रोपांत काही नर निघतात आणि ती फळ धरत नाहीत. सुरंगीचंही तसंच आहे. काही झाडांच्या फुलात नुसता पिवळ्या केसरांचा झुबका असतो, काहींच्या फुलात केसरांच्या मधोमध हिरवट, फुगीर बीजकोशही असतो. पुढे फळ या दुसऱ्या झाडालाच लागतं. वास दोन्हींना असतो, त्यामुळे तुम्हाला गजऱ्यापुरती फुलं हवी असतील तर नर झाडानं काही बिघडत नाही. पुढे बी धरून रोपं करायची असतील तर मात्र मार्चात, झाड फुललेलं असताना, जाऊन बघा आणि पसंत पडलेल्या झाडाच्या काडीचं कलम बांधून घ्या. काजू-कोकमाची मृदुकाष्ठ कलमं बांधणारा हात असेल त्याला हे काम सांगावं. कलमाचा दुसरा फायदा म्हणजे फूल लवकर दिसतं. बियांच्या सुरंगीला दहा वर्षं तरी धरून चाला. बकुळीत नर-मादीची भानगड नाही, बियांचं रोप बिनधास्त लावा.

बी स्वतः रुजवणार असाल तर एकच नियम: ताजं बी. पिकून नारिंगी झालेल्या ओवळाचा, म्हणजे बकुळीच्या फळाचा, गर काढा (तुरट-गोड लागतो, पोरं खातात), बी धुऊन रात्रभर भिजत घाला आणि पिशवीत टोचा. एक बी तीन आठवड्यांत उगवतं, शेजारचं दोन महिने घेतं. पिशव्या फेकून देऊ नका. सुरंगीची फळं पावसाच्या तोंडावर पिकतात. तिचं बी डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवू नये, वाळलं की त्याचा जीव जातो.

जागा

बकुळ अंगणात, समोर. खारं वारं तिला सोसतं, म्हणून समुद्राच्या अंगाला घर असेल तर आडोशालाही तीच बरी. भिंतीपासून पंधरा फूट सोडा. सुरंगी मागच्या बाजूला, विहिरीकडे किंवा माडांच्या कडेला, जिथे ओल टिकते आणि माती खोल आहे. तिला वीस-पंचवीस फूट मोकळे हवेत. वीजवाहिनीखाली तर कुठलंच झाड नको. जून २०२०चं निसर्ग आणि मे २०२१चं तौक्ते या दोन वादळांनंतर घराला टेकून झाड लावायचं धाडस कोणी करू नये. आणखी एक: झाड मोठं झाल्यावर त्याच्या बुंध्याजवळून गडग्यासाठी (दगडी कुंपणासाठी) चर खणू नका. एका बाजूची मुळं तोडलेलं झाड त्या बाजूला वाऱ्याला तोंड देऊ शकत नाही.

खड्डा आणि लागवड

खड्डा एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू द्या. मऊ मातीत दोन फूट लांब, रुंद, खोल पुरतो. जांभा लागला तर पहार घेऊन तीन फुटांपर्यंत जा आणि तळ फोडून घ्या, नाहीतर खड्ड्याची टाकी होते आणि आषाढात मुळं कुजतात. सड्यावर, जिथे वीतभर मातीखाली अखंड कातळ आहे, तिथे सुरंगीचा हट्ट सोडा.

खड्ड्यात तळाला पातेरा (वाळका पाला), वर खणताना बाजूला काढलेली वरची माती आणि दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत. कच्चं शेण अजिबात नको, त्यानं वाळवी येते. पहिल्या पावसाला घाई करू नका. मृगाचे दोन-चार दिवस जाऊ द्या, माती खालपर्यंत भिजली की लावा. पिशवी चिरून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, कलम असेल तर जोड जमिनीच्या वर राहू द्या. आणि इथे आळं करायचं नाही. आपल्याकडे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून बुंध्याशी मातीचा उंचवटा करायचा, म्हणजे पाणी बाजूला निघून जाईल. आळं पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास करावं.

पहिले तीन उन्हाळे

झाडं मरतात ती पावसात कमी, मार्च ते मे या महिन्यांत जास्त. आळं करून त्यात वीतभर जाडीचा पातेरा घाला, फक्त खोडाला चिकटवू नका. दक्षिण-पश्चिमेकडून माडाच्या चुडतांचा आडोसा करा. सुरंगीच्या रोपाला तो पहिल्या उन्हाळ्यात हवाच, बकुळीला असला तर उत्तम. दर दोन-तीन दिवसांनी एक बादली पाणी. गावात रोज कोणी नसेल तर बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं शेजारी पुरा, भोकात सुताची वात घाला आणि आठवड्यातून दोनदा भरायला कोणाला तरी सांगा. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर बकुळ आपलं आपण बघते. सुरंगीला चौथ्या वर्षीही एप्रिलमध्ये विचारावं लागतं.

छाटणी

बकुळ छाटणी सोसते. पावसाळा संपल्यावर खालच्या फांद्या काढून तिला छत्रीसारखी करा, म्हणजे खालचं अंगण झाडायला आणि फुलं वेचायला मोकळं राहतं. सुरंगीची गोष्ट उलटी आहे. तिची फुलं पानांतून येत नाहीत. जुन्या फांद्यांच्या उघड्या भागावर झुबक्यांनी येतात. जुनी फांदी छाटली की बहर गेला. तेव्हा जे करायचं ते लहानपणीच करा: रोप खांद्याएवढं झालं की शेंडा खुडा, खालून तीन-चार फांद्या चौफेर फुटू द्या आणि त्या राखा. असं झाड पुढे शिडीवरून काढता येतं. मोठी फांदी कापावीच लागली तर जखमेवर बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

फुलं आणि फवारणी

सुरंगी फुलते फेब्रुवारी ते एप्रिल, आणि शेजारच्या आंब्यावर फवारे चालतात तेही याच दिवसांत. बहरलेल्या सुरंगीवर मधमाश्यांचा इतका गुंजारव असतो की झाड दिसण्याआधी ऐकू येतं. शेजाऱ्याला सांगून ठेवा, फवारा वारा पडलेला असताना आणि संध्याकाळी माश्या परतल्यावर मारायचा. त्या कळ्या बायकांच्या केसांत जातात, देवाला वाहिल्या जातात, त्यामुळे झाडावर स्वतःहून कसलंच औषध मारू नका.

सुरंगीच्या कळ्या उजाडायच्या आत काढाव्या लागतात. ऊन लागलं की त्या उमलतात आणि वळेसर नीट होत नाही. शिडी दोघांनी धरायची, ओल्या पायांनी चढायचं नाही. उरलेल्या कळ्या सुपात पातळ पसरून कडक वाळवल्या की टिकतात. बकुळीसाठी आदल्या संध्याकाळी झाडाखालचं अंगण सारवून किंवा जुनं धोतर पसरून ठेवावं. पहाटे फुलं त्यावर पडलेली मिळतात, प्रत्येकाच्या मधोमध आयतं भोक असतं, आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ती सुईशिवाय ओवली जातात. सुकल्यावरही वास जात नाही. काकू माझ्याकडून नेलेली फुलं लुगड्यांच्या घड्यांत ठेवते.