साप म्हणजे नागमोडीच? या चुका टाळा

गेल्या श्रावणात शेजारणीने हाक मारली, "भाऊ, लवकर या! याला चक्कर आलीय वाटतं, जागच्या जागी वळवळतोय." स्वयंपाकघरातल्या चकचकीत फरशीवर सहा फुटी धामण. अंग डावीउजवीकडे सपासप हलतंय, पण पुढे सरकणं वीतभरही नाही. शेजारणीचा मुलगा झाडू उगारून उभा. धामणीला काहीच झालं नव्हतं. रेटा द्यायला तिला काही सापडत नव्हतं, एवढंच. लांब काठीने मी एक गोणपाट दारापर्यंत पसरलं. त्याच्या विणीत पोटाचे खवले अडकले मात्र, बाई थेट अंगणात आणि तिथून कुंपणापलीकडे. (धामण बिनविषारी आणि ओळखीची, म्हणून हा उद्योग केला. ओळख पटत नसेल तर तुम्ही करू नका.)

नागमोडी चालीचं इंगित हेच. खडे, ढेकळं, गवताचे बुडखे यांना साप अंगाच्या वळणांनी बाजूला रेटतो आणि त्या रेट्यावर पुढे जातो. गुळगुळीत फरशीवर ते जमत नाही. अशा वेळी तो 'अर्धमेला' किंवा 'पिसाळलेला' वाटतो आणि नेमके तेव्हाच लोक दांडा चालवतात.

आपल्या भाषेने सापाला ही एकच चाल दिली, त्यामुळे बाकीच्या चाली पाहून आपण फसतो. सगळ्यात महागात पडणारी चूक घोणशीच्या बाबतीत होते. जाडजूड साप, वळणं न घेता रेल्वेसारखा सरळ आणि सावकाश सरकतोय. लगेच कुणीतरी म्हणतं, "अजगराचं पिल्लू आहे, उचला." जड अंगाचे साप सरळ रेषेत सरकतात, त्यात अजगर आला तशी घोणसही आली. साप बरगड्यांवर 'पावलं टाकतो' असं १८१२ मध्ये इंग्रज शल्यविशारद एव्हरार्ड होम यांनी मांडलं होतं, आजही अनेकांना तसंच वाटतं. पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठातल्या संशोधकांनी अजगरासारख्या जाड बोआ सापांच्या स्नायूंचं काम मोजलं, तेव्हा बरगड्या या चालीत जागच्या हलत नाहीत हे स्पष्ट झालं. स्नायू पोटाची कातडी पुढे ओढतात, खवले जमिनीला धरतात आणि मग उरलेलं शरीर मागोमाग येतं. चाल संथ असली तरी घोणशीचा दंश डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार असेल, तर चार पावलं मागे व्हा.

"पहिल्या मजल्यावर साप कुठून येणार?" ही दुसरी गैरसमजूत. बिनविषारी कवड्या साप पालीच्या मागे खडबडीत भिंत सहज चढतो. पाइप आणि भिंत यांच्या फटीत साप अंगाची वळणं घट्ट रोवतो, पुढचं अंग ताणतो, मग मागचं ओढून घेतो. म्हणून घराभोवती फिनेल शिंपडण्यापेक्षा पाइपालगतच्या फटी बुजवा, गटाराला बारीक जाळी लावा, खिडकीवर टेकलेली फांदी छाटा. कवड्या आणि विषारी मण्यार यांत गल्लत फार होते, तेव्हा पट्टे दिसले की मण्यारच समजून वागा.

कोकणातल्या कातळावर विषारी फुरसं दिसलं तर त्याच्या तोंडावरून दिशा ठरवू नका. तोंड एकीकडे, जाणं भलतीकडे. ते तिरकं सरकतं.

धाग्यांच्या जाळीत निम्मा गेलेला साप शेपटीला धरून मागे ओढणं हा तर शुद्ध छळ. खवल्यांची टोकं मागे वळलेली, त्यामुळे जितकं ओढाल तितके धागे रुततात. त्या धाग्यांना कात्री लावायची असते, आणि तीही सर्पमित्राने. उंदरांच्या चिकट पुठ्ठ्यावर अडकलेल्या सापालाही सोलून काढू नका. जाणकार खाद्यतेल सोडून तो डिंक सैल करतात. तोवर दार बंद करा, खालची फट कापडाने भरा, लांबून नजर ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा.

रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्यातून, वाळूवर पडलेला समुद्रसाप मात्र कुठेच जात नाही. शेपूट वल्ह्यासारखी चपटी, पोटाचे खवले अगदी बारीक, त्यामुळे वाळूवर तो नुसता लोळतो. पोरं त्याला मेलेला समजून पायाने उलटवतात. त्याचं विष नागाच्या विषाइतकंच जहाल असू शकतं.