भारताचा राजदूत कसा ठरतो: पसंतीक्रमापासून अधिकारपत्रापर्यंत

राजदूतपदासाठी वेगळी परीक्षा नसते, जाहिरातही निघत नाही. सरळ वाट यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून परराष्ट्र सेवेत, म्हणजे आयएफएसमध्ये जाते. खुल्या गटाला वयोमर्यादा २१ ते ३२ आणि संधी सहा. मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ची. चांगले गुण मिळवूनही मुलं चुकतात ती सेवांचा पसंतीक्रम भरताना. इतरांचं बघून आयएएस पहिलं लिहिलं आणि तेच मिळालं, की खालच्या पसंतीचा विचारच होत नाही. निम्म्याहून अधिक नोकरी परदेशात काढायची घरच्यांची तयारी आहे का, हे विचारून मगच क्रम भरा.

निवडीनंतर प्रशिक्षणाला मसुरीची प्रशासन अकादमी, मग दिल्लीची सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था, आणि त्यानंतर तृतीय सचिव म्हणून बाहेर. तिथे नेमून दिलेली परकी भाषा शिकावी लागते; तिची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. पुढे द्वितीय सचिव, प्रथम सचिव, समुपदेशक अशा पायऱ्या चढत बरीच वर्षं जातात. पहिली राजदूतकी बहुधा लहान देशाची असते. राष्ट्रकुलातल्या देशात याच पदाला उच्चायुक्त म्हणतात.

सेवेबाहेरच्या व्यक्तीलाही सरकार नेमू शकतं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले छागला १९५८ मध्ये वॉशिंग्टनला गेले, तिथेच १९७७ मध्ये घटनातज्ज्ञ नानी पालखीवाला. औंधच्या राजघराण्यातले आप्पासाहेब पंत १९४८ मध्ये आयुक्त म्हणून नैरोबीला गेले होते. अमेरिकेत अशा नावाला सिनेटची मंजुरी लागते. आपल्याकडे संसदेपुढे काही जात नाही, शेवटचा शब्द पंतप्रधानांचा. आमच्या मते अशी नेमणूक तेव्हाच फळते, जेव्हा त्या व्यक्तीचा फोन पंतप्रधान खरोखर घेतात आणि तिच्या हाताखाली मुरलेला उपराजदूत असतो.

नाव दिल्लीत पक्कं झालं तरी जाहीर करायची घाई नको. देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांचे नियम ठरवणाऱ्या १९६१च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ४ नुसार आधी यजमान देशाची संमती, म्हणजे ‘अग्रेमाँ’, घ्यावी लागते. नकाराचं कारण सांगायचं बंधन त्या देशावर नाही. उघड नकार क्वचितच येतो. उत्तरच येत नाही, आणि आठवडे लोटले की नकार आहे असं समजायचं. २०१५ मध्ये इस्रायलने दानी दायान यांचं नाव ब्राझीलसाठी आधीच जाहीर केलं. ते वेस्ट बँक या व्यापलेल्या पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहतींचे नेते राहिलेले. ब्राझीलने संमती दिलीच नाही आणि इस्रायलला जाहीर माघार घ्यावी लागली. नाव गुप्त असतं तर ते गुपचूप बदलता आलं असतं.

संमती आली की परराष्ट्र मंत्रालय नेमणूक जाहीर करतं आणि राष्ट्रपतींच्या सहीची अधिकारपत्रं, म्हणजे ही व्यक्ती आपली राजदूत आहे असं यजमान राष्ट्रप्रमुखांना कळवणारी पत्रं, तयार होतात. पोहोचल्यावर त्यांची प्रत आधी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयात द्यायची, मूळ पत्रं राष्ट्रप्रमुखांच्या हाती. प्रत दिल्यावर की मूळ पत्रं दिल्यावर काम सुरू झालं मानायचं, हे त्या देशाच्या प्रथेवर ठरतं. राजदूतांमधली ज्येष्ठताही त्याच तारखेपासून धरतात. अधिकारपत्रांसोबत आधीच्या राजदूताला परत बोलावल्याचं पत्रही द्यायचं असतं.