कमिट मेसेजमध्ये नुसतं 'फिक्स' लिहिताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीसाठी आम्ही वजनकाट्याच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कोडमधला प्रत्येक बदल गिट या साधनात नोंदवतो; अशी एक नोंद म्हणजे कमिट, आणि तिच्यासोबत लिहिलेली टीप म्हणजे कमिट मेसेज. एकदा काट्यावरचं वजन आणि पावतीवरचं वजन जुळेना. गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी, कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी आज्ञा) लावलं तर ओळ लगेच सापडली, किलोपुढचे दशांश कापणारी. मेसेज काय, तर 'फिक्स'. लिहिणारा नोकरी बदलून पुण्याला गेलेला. ओळ चुकून पडली की मुद्दाम घातली, हे शोधण्यात दोन दिवस गेले. जुन्या काट्याचा शेवटचा आकडा सारखा हलायचा, म्हणून त्यानं तो कापला होता. पुढं काटा बदलला, ओळ तशीच राहिली.

काय बदललं ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या फरकात, दिसतंच. का बदललं ते मेसेजमध्येच लिहावं लागतं. 'पावतीतले दशांश काढा' हे शीर्षक, एक ओळ रिकामी, खाली 'जुन्या काट्याचा शेवटचा आकडा स्थिर नाही. काटा बदलल्यावर हे काढावं', एवढं असतं तर काम पाच मिनिटांचं होतं.

ती रिकामी ओळ विसरू नका. पहिल्या रिकाम्या ओळीपर्यंतचा सगळा मजकूर गिट शीर्षकच धरतं, मग लॉग (कमिटची यादी) वाचवत नाही. शीर्षक 50 अक्षरांच्या आसपास, खालच्या ओळी 72 पर्यंत. कमिट करताना मेसेज आज्ञेतच लिहायचा 'एम' (-m) हा पर्याय न देता एडिटर उघडू द्या, दोन ओळी जास्त लिहिल्या जातात.

आमच्याकडे आणखी एक घोळ व्हायचा. टीममध्ये निम्मे मराठी, निम्मे कन्नड, आणि घाईत जो तो आपली भाषा रोमन लिपीत लिहायचा. चिक्कोडीच्या सहकाऱ्याला माझं 'झालं बघ' कळायचं नाही, मला त्याचं. आता बोलायला दोन्ही भाषा, मेसेज मात्र साध्या इंग्रजीत. तिथं आज्ञार्थी रूप वापरा. मर्ज (कोडच्या दोन शाखा एकत्र करणं) आणि रिव्हर्ट (आधीचं कमिट उलटवणं) यांचे मेसेज गिट स्वतः त्याच रूपात बनवतं.

जीएसटीचा हिशोब आणि बटणाचा रंग एकाच कमिटमध्ये कोंबू नका. हिशोब रिव्हर्ट करायला जाल तर रंगही जाईल. शीर्षकात 'आणि' लिहावंसं वाटलं, की कमिटचे दोन तुकडे करा.

मेसेज चुकलाच तर? पुश केलं नसेल, म्हणजे कमिट सर्व्हरवर पाठवलं नसेल, तर अमेंड करा, म्हणजे शेवटचं कमिट दुरुस्त करा. सामायिक ब्रँचवर (सगळे वापरतात त्या शाखेवर) गेला असेल तर हात लावू नका: अमेंडनं हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) बदलतो, मग फोर्स पुश करावं, म्हणजे सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीनं बदलावा लागतो आणि बाकीच्यांच्या प्रती जुळेनाशा होतात. अशा वेळी गिट नोट्समध्ये (कमिटला वेगळी टीप जोडायची सोय) खुलासा जोडा, हॅश तोच राहतो. नोट्स वेगळ्या पुश कराव्या लागतात, तेवढं ध्यानात ठेवा.