वस्तीतल्या पायऱ्या हिरव्या करताय? या चुका टाळा

सुरुवातच चुकते. रंगाचे डबे आणि रोपं आधी येतात, पाण्याचा विचार नंतर. छत्रपती संभाजीनगर असो की धाराशिव, चढावरच्या वस्तीत पायऱ्यांची वाटच पावसाळ्यात ओढा होते, कारण वरच्या पत्र्यांचं सगळं पाणी तिथूनच उतरतं. म्हणून एका मोठ्या पावसात छत्री घेऊन उभं राहा. पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं ते बघा आणि मग एका कडेने फूटभर रुंद नाली काढा. वर सिमेंटची झाकणं घट्ट बसवू नका. आत कॅरीबॅग अडकल्या तरी कुणाला दिसत नाही. काढता येणारी जाळी बरी.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती काळी माती. शेतातून फुकट मिळते म्हणून ट्रॉलीभर आणून पायरीलगतच्या वाफ्यात ओततात. ही माती भिजली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वाफा चार इंची विटांचा, तळाला भोक नाही, पाया वरवरचा. मृगात रोपं तरारतात, फोटो निघतात. आषाढात भिंत बाहेर कलते, भाद्रपदापर्यंत कोपरा चिरतो आणि माती विटांसकट पायऱ्यांवर येते. ओली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते. खाली लेकरं खेळत असतात. तुंबलेलं पाणी पायरीखालच्या भरावात मुरून पायऱ्याही खचतात, आणि बोल लागतो गवंड्याला. वाफ्याची भिंत नऊ इंचीच घ्या, पाया मुरमापर्यंत न्या. तळाला चार इंच खडी, दर मीटरला दोन इंची पाइपाचं भोक, तोंड नालीकडे. दोन पाट्या मुरमाड लाल माती, एक पाटी कुजलेलं शेणखत, काळी माती फार तर एक पाटी. ताजं शेण घालायची घाई नको, मुळं जळतात.

वाफ्यांसाठी वाट अरुंद करू नका. सिलिंडर, आजाऱ्याची खाट आणि तिरडी इथूनच जाते. पाच फूट मोकळे हवेतच.

पायरीवर ऑइलपेंट नको, पावसात पाय घसरतो. रंग फक्त उभ्या बाजूला. वर टाकी मारलेली, म्हणजे छिन्नीने खडबडीत केलेली शहाबादी फरशी. सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी, सहा इंचांच्या आसपास. एक जरी उंच-सखल झाली तरी म्हातारी माणसं तिथेच पडतात.

पिंपळ, वड, उंबर बांधकामाजवळ नकोत. कण्हेर विषारी आहे. अडुळसा आणि निर्गुडी शेळ्या सहसा तोंडात घेत नाहीत. उतारावर वाळा लावा, त्याची मुळं खोल जाऊन माती धरतात.

आता उन्हाळा. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखात बाया आपला हंडा वाफ्यात रिकामा करतील, ही अपेक्षाच अन्यायाची. कार्यक्रमाची तारीख जवळ आली म्हणून फेब्रुवारीत लावलेली रोपं मे बघत नाहीत. लागवड मृगानंतर, जमीन वीतभर ओली झाल्यावरच. मोरीचं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून कर्दळीला द्या, पालेभाजीला नको. बाकी वाफ्यांत न भाजलेली नव्हे, तर भट्टीत भाजलेली पण झिलई नसलेली मडकी गळ्यापर्यंत पुरा. माती सुकते तसं पाणी पाझरतं. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास होतात. आणि कोणतं मडकं कोणत्या घराने भरायचं, हे वाफा बांधण्याआधी त्या घरातल्या बायांशी बोलून ठरवा.