टर्बो गेला म्हणायच्या आधी हे बघा: ट्रक-टिपरच्या टर्बोची तपासणी आणि निगा

भरलेली गाडी घाटात ओढत नाही, मागून काळा धूर, ॲव्हरेज उतरलेलं, अशी गाडी गॅरेजला लागली की कुणीतरी बॉनेटखाली डोकावून लगेच सांगतं, टर्बो गेलाय, बदलून टाका. मालक पैसे भरतो, नवीन टर्बो बसतो, आणि कधीकधी दोन-तीन महिन्यांत तोच नवीन टर्बो ऑइल मारायला लागतो. मग कंपनीच्या नावाने ओरडा सुरू. खरं सांगायचं तर टर्बो आपणहून फार क्वचित जातो, त्याला घालवणारं दुसरंच काहीतरी असतं, खराब ऑइल, धूळ, चोक झालेला ड्रेन पाइप, इंजिनाचा ब्लो-बाय (रिंगांच्या बाजूने खाली निसटणारा गॅस), नाहीतर फुटलेला होज, म्हणजे हवेचा रबरी पाइप. ते शोधल्याशिवाय नवीन टर्बो बसवूच नका, एवढं एकच मला पोटतिडकीने सांगायचंय, बाकी सगळं ते कसं शोधायचं याबद्दल.

मी लिहितोय ते मुख्यतः सहा सिलेंडरच्या ५.९ लिटर कमिन्ससारख्या इंजिनाबद्दल, टाटाच्या कितीतरी ट्रक-टिपरमध्ये हे इंजिन आहे आणि त्यावर बहुतेक वेळा होलसेटचा टर्बो असतो. लेलँड, आयशर कुठलंही घ्या, तपासणीची पद्धत तीच, फक्त आकडे त्या त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधले घ्यायचे.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. सायलेन्सरकडे जाणारा गरम गॅस एक पंखा (टर्बाइन) फिरवतो, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा पंखा (कॉम्प्रेसर) बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. लोडवर हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे मारतो आणि एका बाजूचा गॅस ६०० डिग्रीच्या वर तापलेला असतो. एवढ्या स्पीडला शाफ्ट बुशला टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, बुशसुद्धा ऑइलमध्येच तरंगतं. आणि ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, टर्बोत रबराचं ऑइल सील नसतं, पिस्टन रिंगसारखी लोखंडी रिंग असते. पंख्यांच्या बाजूचं प्रेशर ऑइलला आत दाबून ठेवतं आणि वापरलेलं ऑइल खालच्या ड्रेन पाइपातून आपल्या वजनाने इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं तिथे, उतरतं. म्हणजे टर्बोतून ऑइल येतंय म्हणून सील गेलं असं होत नाही, पुष्कळदा प्रेशरचं गणित बिघडलेलं असतं आणि टर्बो एकदम चांगला असतो.

आता तपासणी. पाना हातात घ्यायच्या आधी ड्रायव्हरशी बोला. पिकअप एकदम गेलं की हळूहळू, आवाज बदलला का, ऑइल किती टॉप-अप करावं लागतंय, सर्व्हिस कधी झाली, मधे कुणी डिझेल पंपाला हात लावला का. धुराचा रंग विचारा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय, निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा असेल तर टर्बोकडे नंतर बघा, आधी इंजेक्टर, टायमिंग, पाणी हे तपासा. शिट्टीचा आवाज थोडा सगळेच टर्बो करतात, पण सायरनसारखा चढत जाणारा आवाज नवीन असेल तर पंखा घासतोय किंवा बॅलन्स गेलाय, आणि फुस्स असा आवाज लोडवर येत असेल तर हवा कुठेतरी बाहेर पडतेय.

पहिलं काम एअर क्लीनर. खडी क्रशरवर नाहीतर कारखान्याच्या सीझनला उसाच्या कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं निम्मं दुखणं इथेच सापडतं. इंडिकेटर लाल झालाय का बघा, यातल्या बऱ्याच इंजिनांना साधारण २५ इंच पाण्याच्या दाबापर्यंत रोध चालतो, त्यापुढे फिल्टर बदलायचाच. फिल्टर टायरवर आपटून साफ करायची सवय मोडा, आपटल्याने पेपर फाटतो, कडा वाकते आणि मग बारीक धूळ थेट पंख्यावर. फिल्टरनंतरच्या पाइपात आतून पांढरं फडकं फिरवा, मातीचा रंग लागला तर धूळ कुठूनतरी आत जातेय, तो होज, ती क्लिप शोधा. चोक फिल्टरचा अजून एक त्रास म्हणजे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ती ओढ टर्बोतलं ऑइल बाहेर खेचते. म्हणजे ऑइल दिसतंय टर्बोत आणि दोष आहे फिल्टरचा.

दुसरं, टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा) आणि तिथून इनटेक मॅनिफोल्डपर्यंतची सगळी लाइन. काळा धूर आणि पिकअप कमी या तक्रारीत मला सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो, आणि सगळ्यात कमी वेळा बघितली जाते तीही हीच जागा. होज खालच्या बाजूने तडकतो, वरून छान दिसतो, म्हणून हाताने दाबून, पिळून बघा. इंटरकूलर नुसता बघून कळत नाही, त्याची प्रेशर टेस्ट करा. दोन्ही तोंडं प्लगने बंद करायची, एका प्लगला गेज आणि कॉक, ३० पीएसआय हवा भरायची, कॉक बंद करून घड्याळ बघायचं. कमिन्सच्या हिशोबाने १५ सेकंदांत प्रेशर ७ पीएसआयने उतरलं तर चालतं, त्याहून जास्त उतरलं तर साबणाचं पाणी मारून लीक शोधा. प्लग साखळीने बांधल्याशिवाय हवा भरू नका, सुटलेला प्लग माणसाला जबर मारतो.

इथे लीक असेल तर फक्त पिकअप जात नाही. हवा बाहेर जात असल्यामुळे इंजिनाला लागणारं प्रेशर बनत नाही, ड्रायव्हर जास्त रेस दाबतो, जास्त डिझेल, जास्त गरम गॅस, आणि टर्बो त्याच्या मर्यादेच्या वर फिरायला लागतो. साध्या क्लिपने टर्बो मरतो तो असा. त्यात कुणी पिकअपसाठी पंपाचं डिझेल वाढवून दिलं की संपलंच, धूर अजून वाढतो आणि टर्बाइन हाउसिंगला तडे जायला लागतात. पिकअप कमी म्हणून पंपाला हात लावणं हा उपाय नाही, हे मालकांनी तरी ठामपणे सांगायला पाहिजे.

तिसरं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मधलं गॅस्केट. काजळीचा काळा पट्टा दिसला की गॅस तिथून निसटतोय, पंख्याला मिळायची ताकद तिथेच जाते.

आता टर्बो. इंजिन बंद आणि पूर्ण गार. टर्बाइन बाजू तासभरानेसुद्धा चटका देते. इनलेटचा होज काढा, टॉर्चने पंखा बघा. पात्यांच्या कडा वाकल्यात का, वाळूने घासल्यासारख्या बोथट झाल्यात का, हाउसिंगला घासल्याची खूण आहे का. पंखा हाताने फिरवा, सहज फिरला पाहिजे, कुठे अडकायला नको. मग शाफ्ट वर-खाली हलवून बघा. इथे खूप चांगले टर्बो फुकट मारले जातात, कारण थोडा वर-खाली प्ले नव्या टर्बोतसुद्धा असतो, बुश तरंगतं आहे आणि आत ऑइल नसताना तो हाताला जाणवणारच. शाफ्ट बाजूला दाबून फिरवल्यावर पंखा हाउसिंगला घासला तर मात्र टर्बो गेला. पुढे-मागे प्ले हाताला जवळजवळ कळता कामा नये, तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच असतो, शंका असेल तर डायल गेज लावून मॅन्युअलशी ताडून बघा. इंजिन चालू असताना इनलेटजवळ हात, फडकं, सैल बाही काहीही नेऊ नका, आणि होज काढून इंजिन चालू करून दाखवणाऱ्याला तिथेच थांबवा.

ऑइल मारत असेल तर अजून एक खात्रीची तपासणी आहे. टर्बो उतरवला की एक्झॉस्ट मॅनिफोल्डची तोंडं बघा. तीच ओली असतील तर ऑइल इंजिनातून येतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड बघा, टर्बोला दोष देऊ नका. मॅनिफोल्ड कोरडं आणि टर्बाइनच्या पुढे ओलं असेल तर टर्बोतून येतंय. मग ड्रेन पाइप काढा, आत कार्बन जमून भोक बारीक झालंय का, पाइप कुठे दबलाय का, आडवा तर नाही ना गेलाय. ऑइल फक्त उतारानेच उतरतं, पाइप जितका उभा तितका चांगला. त्यानंतर इंजिन स्लोला ठेवून ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला गॅस बाहेर सोडणारा पाइप, बघा, भसाभसा धूर येत असेल तर चेंबरमधलं प्रेशर ड्रेनमधून वर दाबतंय आणि टर्बोचं ऑइल खाली उतरूच देत नाही. ब्रीदर चोक असेल तर साफ करा. ब्रीदर साफ असून ब्लो-बाय जास्त असेल तर काम रिंग-लायनरचं आहे, कितीही टर्बो बदला. आणि तासन्‌तास गाडी स्लोला उभी ठेवली तरी प्रेशर कमी असल्यामुळे थोडं ऑइल येतं, लोडवर चालवल्यावर थांबलं तर घाबरायचं कारण नाही.

बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर, मोजायचं गेज लावणार असाल तर इनटेक मॅनिफोल्डला लावा आणि भरलेल्या गाडीवर, खंबाटकी किंवा कसाऱ्यासारख्या चढावर वाचा. जागेवर उभं राहून कितीही रेस केली तरी बूस्ट बनत नाही कारण इंजिनावर लोडच नसतो, तो आकडा बघून टर्बो कमजोर आहे म्हणणं चुकीचं. वेस्टगेट (जादा गॅस टर्बाइनला वगळून सोडणारी झडप) असेल तर ती उघडणाऱ्या ॲक्च्युएटरला रेग्युलेटरने मोजून हवा द्या आणि दांडा हलतो का, हवा धरून ठेवतो का बघा. दांड्याची लांबी अंदाजाने फिरवून बूस्ट वाढवायचा नाही.

बीएस-६ गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या, आधी स्कॅनर लावा. एसपीएन म्हणजे स्कॅनरवर दिसणारा दोषाचा नंबर, १०२ हा इनटेक मॅनिफोल्ड प्रेशरचा कोड आणि १०३ टर्बोच्या स्पीडचा. पण कोड आला म्हणजे तो पार्ट खराब असं नाही, १०२ फुटलेल्या होजनेसुद्धा येतो आणि सेन्सरवर काजळी बसली तरी येतो. व्हीजीटी टर्बो (आतली गॅसची वाट कमी-जास्त करणारा) असेल तर आतली रिंग काजळीने जाम होते, आणि ॲक्च्युएटर बदलला तर स्कॅनरने कॅलिब्रेशन करावंच लागतं. या गाड्यांत ऑइल मारणारा टर्बो तसाच चालवू नका, ते ऑइल डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, जातं आणि टर्बोपेक्षा मोठा खर्च उभा राहतो.

टर्बो खरंच गेला असेल तर भंगारात टाकायच्या आधी उघडून वाचा. शाफ्टवर निळा-जांभळा रंग म्हणजे ऑइल पोचलं नाही, बुशवर गोल गोल चरे म्हणजे ऑइलमध्ये घाण होती. पुढच्या (कॉम्प्रेसर) पंख्याची पाती तुटलेली असतील तर इनलेटमधून नट, क्लिप, फिल्टरचा तुकडा काहीतरी गेलंय, आणि मागच्या (टर्बाइन) पंख्याची असतील तर इंजिनातला तुकडा आलाय, इंजेक्टरची टीप, व्हॉल्व्ह, रिंग, मग आधी इंजिन उघडा. पुढच्या पंख्याच्या पाठीवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसला तर टर्बो ओव्हरस्पीड झालाय.

बसवताना घाई नको. जुन्या टर्बोचे तुकडे आणि ऑइल इंटरकूलरमध्ये साठलेलं असतं, तो काढून धुवा, वाळवा. हे न करता स्टार्ट केलं तर इंजिन ते साठलेलं ऑइल पिऊन स्वतःच रेस व्हायला लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. असं झालं तर जाड फळी इनलेटवर दाबून हवा तोडायची, हाताने कधीच नाही, आणि जमत नसेल तर सरळ लांब पळायचं. ऑइल आणि फिल्टर नवीन टाका. ऑइलचा इनलेट पाइप नवीनच घ्या, जुन्याच्या आतला कार्बन सुटून पहिल्याच दिवशी बुश खातो. ऑइलच्या फ्लँजला सिलिकॉन लावू नका, दाबलेला सिलिकॉन आत सुटतो आणि भोक बंद करतो, फक्त गॅस्केट. इनलेटच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता, पंखा हाताने फिरवा, मग डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत क्रँक करा, आणि स्टार्ट झाल्यावर दोन-तीन मिनिटं स्लोलाच ठेवा.

रोजची निगा ड्रायव्हरच्या हातात आहे. सकाळी स्टार्ट केल्या केल्या रेस मारायची नाही, ऑइल वर पोचेपर्यंत मिनिटभर थांबायचं. घाट चढून ढाब्यावर गाडी लावली की लगेच चावी फिरवायची नाही, तीन ते पाच मिनिटं स्लोला ठेवायची, नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल जळून कार्बन होतं आणि तोच कार्बन पुढे ड्रेन चोक करतो. मालकांनी डिझेल वाचवायच्या नादात ड्रायव्हरला या पाच मिनिटांवरून बोलू नये. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच वापरा, बीएस-६ ला कमी राखेचं, आणि बदलायचा किलोमीटर पुढे ढकलू नका.

रिपेअर केलेला टर्बो घेणार असाल तर कोअर (शाफ्ट, पंखे आणि बुशचा मधला भाग) हाय-स्पीड मशीनवर बॅलन्स केलाय का विचारा, वाकलेलं पातं सरळ करून दिलेला पंखा अजिबात घेऊ नका. बसवल्यावर पहिल्या फेरीनंतर गार इंजिनवर सगळ्या क्लिपा आणि मॅनिफोल्डचे नट परत आवळा, ड्रेनच्या जोडाला बोट फिरवून ओल आहे का बघा आणि एअर क्लीनरचं झाकण पुन्हा एकदा उघडून खात्री करा.